जुन्या आउटबोर्ड मोटरच्या तडकलेल्या क्रँककेसची दुरुस्ती

गोदावरीचा पूर ओसरला की बचाव-बोटींच्या मागे लावलेल्या जुन्या टू-स्ट्रोक (आउटबोर्ड) मोटरी दुरुस्तीला येऊ लागतात आणि त्यांतल्या एखादीच्या तडकलेल्या क्रँककेसवर (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या ओतीव ॲल्युमिनियमच्या पेटीवर) कोणीतरी एपॉक्सी लांबी (पुट्टी) थापलेली असतेच. ती आधी खरवडून काढावी. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये येते आणि तेथे दाबले जाऊन सिलिंडरकडे जाते. त्यामुळे केसाएवढ्या चिरेतूनही बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन जॅम होतो. पेट्रोल, उष्णता आणि हादरे यांपुढे लांबी टिकत नाही.

इंजिन पूर्ण खोलावे. क्रँककेसचे दोन्ही भाग कारखान्यात एकत्र जोडून त्यांतली बेअरिंगची भोके कोरलेली (बोअर केलेली) असतात, म्हणून भंगारातून एकच भाग आणून बसवण्याचा सल्ला ऐकू नये. चीर मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगच्या) बोअरमधून गेली असेल, तर वेल्डिंगचा नाद सोडून क्रँककेसची पूर्ण जोडीच शोधावी. एरवी डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव) मारून चिरेची खरी टोके शोधावीत, प्रत्येक टोकाला ३ मिमीचे छिद्र पाडावे आणि कार्बाइड बरने (कठीण धातूच्या फिरत्या कोरणीने) ‘व्ही’ आकाराची खाच काढावी.

यापुढचा टप्पा तेल काढण्याचा आहे आणि माझी सर्वांत जास्त दमछाक यानेच केली. वर्षानुवर्षे तेलात राहिलेले ओतीव ॲल्युमिनियम वरून चकचकीत दिसले, तरी त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेले असते. वेल्डिंगची आर्क (विजेची ज्योत) लागताच ते उकळून वर येते, वेल्ड काळा पडतो आणि आत छिद्रांची जाळी धरते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला मुरलेला आरगॉन वेल्डरही (आरगॉन वायूच्या आवरणाखाली वेल्डिंग करणाराही) अशा धातूपुढे हात टेकतो; दोष मात्र त्याच्या माथी मारला जातो. म्हणून भाग सुमारे १५० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. खाचेच्या कडेने पिवळट-तपकिरी घाम फुटलेला दिसेल. तो कोरड्या फडक्याने टिपावा, भाग पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच ॲसिटोनने पुसावा. गरम धातूला ॲसिटोन लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. पांढरे सुती फडके स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करावे. ‘एकदा पेट्रोलने धुतले की झाले’ असे सांगणाऱ्याच्या हाती क्रँककेस देऊ नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तर वेल्डिंगच्या आसपासही आणू नये, कारण आर्कच्या उष्णतेत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

वेल्डिंगपूर्वी फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने खाच घासावी. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर, त्यामुळे तो राहिला तर जोड धरत नाही. दोन्ही भाग बोल्टांनी एकमेकांना घट्ट आवळून, एसी करंटवर, ४०४३ फिलर सळईने (सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमच्या भरण-सळईने) तुकड्यातुकड्याने आरगॉन वेल्डिंग करून घ्यावे. सुटा भाग वेल्ड केला तर तो हमखास वाकतो. काम झाल्यावर पंख्याखाली न ठेवता कोरड्या राखेत सावकाश निवू द्यावे.

नंतर जोडाचा पृष्ठभाग सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) ठेवून फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्यांनी) तपासावा. मॅन्युअलमध्ये सांगितलेले सीलंट लावून बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. सीलंट वाळल्यावर सर्व तोंडे बंद करून ५ ते ७ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा भरावी आणि वेल्डवर साबणाचे पाणी लावावे. एक जरी बुडबुडा आला, तरी त्यावर सीलंट न फासता तेवढा वेल्ड खोदून काढावा आणि तेल काढण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.