पावसाळाभर उभी राहिलेली सॅन स्टॉर्म

गोव्यात बनलेली, फायबर बॉडीची माझी दोन सीटर गाडी यवतमाळकडच्या आमच्या चिखलवाटेवर जून ते दिवाळी निघतच नाही. गेल्या साली गुरांच्या ढेपेच्या पोत्यांशेजारी ठेवली अन् उंदरांनी वायरिंग कुरतडलं. वरून हँडब्रेक ओढलेला. मागची चाकं जाम!

यंदा आधी ढेप हलवली. उंदीर शिरू नयेत यासाठी सायलेन्सरच्या तोंडात तारेचा चोथा कोंबला, तो काढायला विसरू नये म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधली. टाकी फुल केली, कारण रिकाम्या टाकीत हवेतल्या ओलीचं पाणी होऊन पेट्रोलमध्ये उतरतं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, हँडब्रेकऐवजी चाकांना विटा. झाकायला ताडपत्री नाही, तिच्याखाली ओल कोंडते. आईची दोन जुनी सुती लुगडी घेतली.

दिवाळीत दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. आई म्हणाली, "माहे लुगडे धुऊन दे आता."