पंप-प्रोब स्कॅन करताना या चुका टाळा

पंप-प्रोबमध्ये लेझरचा एक स्पंद (पंप) नमुन्याला धक्का देतो आणि थोड्या उशिराने येणारा दुसरा (प्रोब) त्यातला बदल टिपतो; हा उशीर हळूहळू वाढवत मोजत जाणं म्हणजे स्कॅन. आषाढात आमच्याकडे गोव्यात लेझरच्या खोलीचं दार पाच मिनिटं उघडं राहिलं तरी आरसे जागचे हलतात. नवी मुलं मात्र दार सताड उघडं टाकून स्कॅन लावतात आणि चहाला जातात.

गॅलियम आर्सेनाइड-ॲल्युमिनियम आर्सेनाइडच्या थरांवर काम करणारा एक विद्यार्थी धावत आला, "सर, ४ गिगाहर्ट्झचा नवा मोड, म्हणजे थरांचं स्वतःचं कंपन, सापडला!" १००० पिकोसेकंदांचा स्कॅन, दर २५० पिकोसेकंदांनी सुरेख उंचवटा. चतुर्थीला घरी जाण्याआधी त्याला लेखाचा सारांश पाठवायचा होता. मी विचारलं, स्कॅनला वेळ किती लागला? ४० मिनिटं. म्हणजे दर १० मिनिटांनी एक उंचवटा, आणि एसीचा कॉम्प्रेसरही तेवढ्याच वेळाने सुरू होत होता. त्याच्याकडून तोच स्कॅन ८० मिनिटांचा करून घेतला, तर उंचवटे १२५ पिकोसेकंदांवर आले. आपली डिले स्टेज, म्हणजे दोन स्पंदांमधला उशीर बदलणारी सरकती पट्टी, किती सावकाश सरकते, याच्याशी नमुन्यातल्या ध्वनिलहरीला काही देणंघेणं नसतं. खोली गार-गरम होताना प्रोबचा ठिपका पंपच्या ठिपक्यावरून किंचित घसरत होता आणि उष्णतेचा सिग्नल वरखाली होत होता.

तेव्हापासून एसी आणि डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू असतात. प्रत्येक स्कॅन मी एकदा पुढे, एकदा उलटा घेतो. सरासरी काढण्याआधी एकेक स्कॅन डोळ्यांखालून घालतो. शंभर स्कॅनची सरासरी काढून मोकळं होण्याची घाई मला मुळीच पटत नाही.

८०० नॅनोमीटरवर ४३ गिगाहर्ट्झच्या आसपास काही दिसलं तर ते बहुतेक थरांखालच्या गॅलियम आर्सेनाइडचं ब्रिल्वाँ आंदोलन असतं, म्हणजे आत शिरणाऱ्या ध्वनिलहरीवरून परतलेला प्रोबचा प्रकाश पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशात मिसळून दिसणारे चढउतार. प्रोबची तरंगलांबी कमी करा. वारंवारता वाढली तर तो तुमच्या थरांचा मोड नव्हे.

सुपरलॅटिसचा, म्हणजे दोन पदार्थांचे पातळ थर आलटून-पालटून रचलेल्या नमुन्याचा, थरांची एक जोडी १० नॅनोमीटरची असेल तर मोड ५०० गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एक आंदोलन २ पिकोसेकंदांचं. तिथे १ पिकोसेकंदाची पावलं टाकून काय हाती लागणार? मी ०.२ ची टाकतो, स्टेज ०.०३ मिलिमीटर सरकते.

सिग्नल दिसत नाही म्हणून पंपची पॉवर वाढवू नका. आधी ठिपके एकमेकांवर नीट आणा.

८०० नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना फिकट लाल दिसतो, म्हणून मुलांना तो सौम्य वाटतो. संरक्षक चष्मा काढलेला दिसला की मी शटर बंद करतो आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबवतो.