फिरत्या कृष्णविवराच्या गणितात या चुका टाळा

रत्नागिरीत पदवीच्या विद्यार्थ्यांना सापेक्षतावाद शिकवताना एक चूक मला दरवर्षी उत्तरपत्रिकेत भेटते, ती म्हणजे फिरत्या कृष्णविवराला पाण्यातला भोवरा समजणे. एका वर्षी ओहोटीच्या वेळी मी मुलांना भाट्याच्या पुलावर नेले आणि खांबाशी गरगरणारे नारळाचे सोडण दाखवून विषय समजावला. परीक्षेत एका हुशार मुलीने लिहिले, की इंजिन पुरेसे दमदार असेल तर होडी भोवऱ्यातही जागेवर थांबू शकेल. खाडीपुरते तिचे म्हणणे अगदी बरोबर होते, पण कृष्णविवराभोवतीच्या एर्गोस्फिअर या पट्ट्यात प्रकाशालाही दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भाने स्थिर राहता येत नाही, कारण तिथे ओढणारे पाणी नसते, तर अवकाश-काळाची घडणच विवराच्या फिरण्याच्या दिशेने कललेली असते. या पट्ट्यातून बाहेर मात्र येता येते, आणि १९६९ साली रॉजर पेनरोज यांनी सुचवलेली ऊर्जा काढण्याची युक्ती त्यावरच उभी आहे. तेव्हापासून मी भोवऱ्याचे उदाहरण देण्याआधी ते कुठे तुटते हे फळ्यावर लिहून ठेवतो.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. न फिरणाऱ्या विवराभोवतीची सर्वांत आतली टिकाऊ वर्तुळाकार कक्षा गुरुत्वीय त्रिज्येच्या (GM/c², म्हणजे विवराच्या वस्तुमानावरून ठरणाऱ्या लांबीच्या) ६ पट असते, हे पाठ झालेले विद्यार्थी फिरत्या विवरालाही तोच आकडा लावतात. १९६३ साली गणितज्ञ रॉय केर यांनी फिरत्या विवरासाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांचे जे उत्तर दिले, त्यानुसार कमाल फिरकीला, विवर फिरते त्याच दिशेने फिरणाऱ्या कणासाठी, हा आकडा १ पर्यंत उतरतो, तर उलट दिशेने फिरणाऱ्यासाठी ९ पर्यंत चढतो. दहा सूर्यांच्या वस्तुमानाच्या विवराला याचा अर्थ एकीकडे सुमारे १५ किलोमीटर आणि दुसरीकडे सुमारे १३३ किलोमीटर असा होतो, म्हणून कक्षेची दिशा न लिहिता केलेले गणित मी तपासतच नाही.

फिरत्या वस्तूमुळे अवकाश-काळाला बसणारी ही ओढ फक्त कृष्णविवरांजवळच असते असे लिहू नका; ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहाने ती पृथ्वीभोवतीही मोजली आहे.

एर्गोस्फिअर हे क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेच्या, बाहेर असते, आत नव्हे.

सर्वांत आतल्या कक्षेचे तयार सूत्र कुठूनही उचलले असेल, तर आधी त्यात फिरकी शून्य ठेवून पाहा; ६ परत आले नाही, तर पुढचे पान उलटू नका.