क्रेडिट कार्ड बंद केलंय तरी वसुलीवाल्यांचे फोन येतायत? पैसे भरायच्या आधी हे वाचा

"सर आपका अठारा हजार छह सौ चालीस पेंडिंग है, आज शाम तक भर दो" असा फोन आला तेव्हा मी किराणा दुकानात तूरडाळ मोजून घेत होतो. कार्ड मी 2020 मध्येच बंद केलेलं, म्हणजे कस्टमर केअरला सांगितलं, एक मेल टाकला आणि कात्रीने कापून फेकून दिलं. बँकेने ते बंद केलंच नव्हतं. 2021 ला 500 रुपये वार्षिक फी लावली, वर 18 टक्के जीएसटी, झाले 590, आणि मग त्या 590 ला लेट फी, व्याज, परत त्यावर जीएसटी असं पोरं-नातवंडं होत होत 18,640. स्टेटमेंट जात होती जुन्या ऑफिसच्या मेलवर, तो आयडी नोकरी सोडली त्या दिवशीच गेला.

तर असं काही झालं तर सगळ्यात आधी एक करा, म्हणजे खरं तर करू नका: फोनवर वाद घालू नका आणि "थोडं कमी करा हो, भरून टाकतो" असं तर चुकूनही बोलू नका, लिहू तर अजिबातच नका. समोरचा पोरगा लगेच म्हणतो, सर टोकन म्हणून 500 टाका, फाइल होल्डवर ठेवतो. नका टाकू! अशा थकबाकीसाठी कोर्टात दावा लावायची मुदत लिमिटेशन अ‍ॅक्टप्रमाणे साधारण 3 वर्षं असते, आणि मुदत संपायच्या आत तुम्ही काही रक्कम भरली किंवा देणं लागतो असं लिहून दिलं की ती मुदत नव्याने मोजायला सुरुवात होऊ शकते. म्हणजे जे देणं तुमचं नाहीच त्याला तुम्हीच खतपाणी घालता.

फोनवर फक्त एवढं बोला: तुमचं नाव, एजन्सीचं नाव, आणि बँकेने तुम्हाला नेमल्याचं पत्र पाठवा, रक्कम मला मान्य नाही, बाकी मी बँकेशी बोलतो. बास, ठेवा फोन. रिझर्व्ह बँकेने 2022 च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट सांगितलंय की सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही. माझ्या मामेभावाला रात्री पावणेदहाला फोन गेला होता, त्याच्याकडून मी कॉल लॉगचा स्क्रीनशॉट मागून घेतला, आणि पुढे तक्रारीत माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा तो एक फोटो जास्त कामाला आला. व्हॉट्सअ‍ॅपवर लाल शिक्क्याची "अरेस्ट वॉरंट" वगैरे पीडीएफ आली तर घाबरू नका, कार्डाची नुसती थकबाकी हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी कोणी उचलून नेत नाही. खऱ्या कोर्टाचं समन्स आलं तर मात्र गप्प बसू नका, वकील गाठा.

आता खरं काम. आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरची कर्जं-कार्डं आणि त्यांच्या परतफेडीची नोंद, काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कोणाला 500-1000 देऊन काढून घ्यायची गरज नाही. त्यात ते खातं कोणाच्या नावाने दिसतंय, ओव्हरड्यू (थकबाकी) किती दाखवलंय, "रिटन ऑफ" (बँकेने बुडीत धरलेलं) लिहिलंय का ते बघा. कधीकधी बँकेने देणं दुसऱ्या कंपनीला विकलेलं असतं, मग तिथे त्या कंपनीचं नाव दिसतं, तेव्हा विक्रीचा कागद त्यांच्याकडे मागायचा. आणि खातं तुम्ही कधी उघडलंच नसेल, पॅन वापरून दुसऱ्याच कोणी घेतलं असेल, तर आधी 1930 वर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करून तिचा नंबर घ्या, तो पुढे सगळीकडे जोडावा लागतो.

मग बँकेला मेल, तक्रार विभाग आणि नोडल ऑफिसर (तक्रारींसाठी बँकेने नेमलेला अधिकारी) दोघांनाही. रडगाणं लिहू नका (मी पहिल्या मेलमध्ये दोन पानं लिहिली होती, उत्तर आलं "वी रिग्रेट द इनकन्व्हिनियन्स"). दुसऱ्यांदा मी एवढंच लिहिलं: ही रक्कम मला मान्य नाही. कार्ड बंद करायची विनंती या तारखेला केली, सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर हा. खातं उघडल्यापासूनची सगळी स्टेटमेंट द्या आणि 18,640 ची सुरुवात कुठल्या व्यवहारापासून झाली ते दाखवा. तक्रार निकाली निघेपर्यंत वसुली थांबवा.

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण सुरुवात दाखवायला गेलं की त्यांनाच दिसतं की कार्डावर एक रुपयाचीही खरेदी नाही. बिलावर हरकत घेतली तर 30 दिवसांत खुलासा आणि लागेल तिथे पुरावा देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि न भरलेल्या फी-टॅक्सवर व्याज चढवायचं नाही असाही कार्डाच्या नियमांत 2022 पासून मुद्दा आहे, तो मेलमध्ये टाका. तक्रार चालू असताना केस वसुली एजन्सीकडे पाठवू नये हे तर रिझर्व्ह बँक 2008 पासून सांगतेय. सगळंच चुकीचं नसेल, समजा 3000 ची खरेदी खरंच तुमची आहे, तर तेवढे थेट बँकेत भरा आणि मेलमध्ये लिहा की हे 3000 मान्य, बाकीचे नाहीत. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयासुद्धा नको.

त्याच दिवशी रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन डिस्प्यूट, म्हणजे ही नोंद चुकीची आहे अशी हरकत, टाका. त्या कंपन्या स्वतःहून आकडा बदलत नाहीत, बँकेला विचारतात, म्हणून दोन्हीकडून दाबायचं. इथेही 30 दिवस, त्यापुढे गेलं तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई असा नियम एप्रिल 2024 पासून आहे. फार कमी लोक मागतात.

30 दिवस झाले, उत्तर नाही किंवा तेच गोलगोल उत्तर, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार, फुकट, वकील लागत नाही, अडलं तर 14448 ला फोन लावा. बँकेला आधी तक्रार केल्याचा पुरावा मात्र जोडावाच लागतो, नाहीतर पहिल्याच पायरीवर परत येते. माझ्या बाबतीत लोकपालाकडे टाकल्यावर नवव्या दिवशी बँकेतून एका मॅडमचा फोन आला, शुद्ध मराठीत, "सर आपण हे क्लोज करूया का?"

हे "क्लोज" नीट कान देऊन ऐका. बरेचदा ते "सेटलमेंट" म्हणतात, 18 हजारांचे 4 हजार द्या आणि विषय संपवा. मग रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा येतो आणि पुढे होमलोनवाला तो बघून नाक मुरडतो. आपलं देणंच नाही तर सेटल कशाला, रक्कम शून्य, खातं "क्लोज्ड" आणि नो ड्यूज (काही देणं बाकी नाही असं) सर्टिफिकेट, तिन्ही लेखी द्या म्हणायचं. मी मॅडमना हेच सांगितलं, त्या म्हणाल्या वरिष्ठांशी बोलते, आठवड्याने पत्र आलं.

पत्र आलं म्हणजे संपलं नाही. दीड महिन्याने चारही रिपोर्ट परत बघितले, तीन ठिकाणी शून्य, चौथीकडे अजून 18,640 तसेच बसलेले. परत डिस्प्यूट, यावेळी सर्टिफिकेट जोडून, तेव्हा कुठे ते गेलं. आता ते सर्टिफिकेट मेलमध्ये आहे, फोनमध्ये आहे आणि एक प्रिंट रेशनकार्डाच्या फाइलमध्ये.