ईक्यू करताना या चुका टाळा : चार्ट किती ऐकायचा, कान किती

मागच्या आषाढीच्या आधी खानापूर बाजूच्या एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं होतं, पेटी, तबला, टाळ आणि बुवांचा आवाज. मिक्स ऐकवायला गेलो तर तबल्याचे काका दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाले, "हा तबला हाय की डबा बडवूलालाय कोण?"

झालं असं की मी नेटवरचा एक ईक्यूचा चार्ट समोर ठेवून बसलो होतो. ईक्यू म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर हवे तिथं वाढवायचे-कापायचे, आणि ते कुठल्या वाद्याला कुठं, याचा हा तक्ता. तीनशे हर्ट्झच्या आसपास चिखल, म्हणजे आवाज गढूळ करणारा भाग असतो, तो काढा, असं त्यात लिहिलेलं, म्हणून २५० ते ३०० मध्ये ६ डीबी (डेसिबल) कापून मोकळा झालो. आता काकांचा तबला काळी एक पट्टीचा, आणि काळी एकचा मधला सा येतो २७७ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे मी चिखल समजून जे उपसलं तो तबल्याचा सूरच होता! चार्ट खोटा नाही हो, तो ड्रम किट आणि गिटार डोक्यात ठेवून केलेला असतो, आपण पट्टी न विचारता तबल्याला लावतो ही चूक आपली.

लो कटचंही तेच, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज काढून टाकणं. "गायकाला १२० ला कट मार" हे कुणीही सांगतं. पण काळी एकला गाणाऱ्या बुवांचा खालचा सा १३९ वर आणि मंद्र पंचम, म्हणजे त्याच्याही खालचा प, १०४ वर, ते पंचमाला उतरले की आवाज एकदम पातळ. तिथं मी आता ८० च्या वर जात नाही, आणि कट लावल्यावर सगळ्यात खालची ओळ आधी ऐकतो. काळी चारला गाणाऱ्या ताई असतील तर १२० बिनधास्त, त्यांचा मंद्र पंचमच १५६ ला आहे.

मग चार्ट फेकून द्यायचा आणि कानावर सोडायचं का? तिथंपण मार खाल्लाय. कान लबाड आहे, जे मोठं वाजतं तेच त्याला चांगलं वाटतं. कुठंही ३ डीबी वाढवा, "वा" म्हणणारच. म्हणून ईक्यू केल्यावर प्लगिनचा (ज्या सॉफ्टवेअरमध्ये ईक्यू करतो त्याचा) आउटपुट तेवढाच खाली आणायचा, मग डोळे मिटून बायपास, म्हणजे ईक्यूशिवायचा आवाज, चालू-बंद करायचं. कुठलं कुठलं कळेना झालं तर तो ईक्यू काढून टाका सरळ.

रात्री घरचे झोपल्यावर बारीक आवाजात मिक्स करायची सवय असेल तर बास जास्त होणार हे धरूनच चला. आवाज कमी असला की कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. आणि दोन तास सलग ऐकल्यावर तर काहीच खरं नाही, कुंद्याचा चौथा तुकडा खाताना साखर कळते का?

खोलीचं मात्र जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं बहुतेकांचा स्टुडिओ म्हणजे दहा बाय दहाची बेडरूम. एवढ्या खोलीत ५६-५७ हर्ट्झला आवाज भिंतींशी साचतो आणि मधोमध गायब होतो, त्यात लांबी-रुंदी सारखी म्हणजे डबल त्रास. मी बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसायचो, डग्गा ऐकू येईना म्हणून वाढवत गेलो, आणि मित्राच्या गाडीत लावल्यावर दरवाजे थरथरायला लागले. खुर्ची दीड-दोन फूट मागं-पुढं सरकवून बघा आधी, हेडफोनवर पण तपासा.

आणखी एक सवय मोडा, ईक्यूचा एक पट्टा १० डीबी वाढवून खालपासून वरपर्यंत सगळीकडं फिरवायचं आणि घाण वाटेल तिथं कापायचं. एवढं वाढवल्यावर कुठलीही जागा घाणच वाटते. आधी नुसतं ऐकून ठरवा काय खटकतंय, आणि सोलोमध्ये, म्हणजे एकटं वाद्य ऐकून नको, सगळी वाद्यं चालू ठेवून. सोलोत गोड लागणारी भरलेली पेटी बुवांच्या आवाजावर बसते, पेटीला तिथं २ डीबी कमी केलं की बुवा आपोआप पुढं येतात.

तबला मी सगळं काढून परत केला, काकांना पटला. टाळ मात्र शेवटपर्यंत बोचत राहिले, कारण टाळकरी नेहमीसारखे बुवांच्या मागं बसलेले, थेट माइकच्या तोंडासमोर. त्यांची धार कमी केली की बुवांचे शब्दपण बोथट होतात, तिथं ना चार्ट कामाला येतो ना कान. आता रेकॉर्डिंगला टाळकऱ्यांना बुवांच्या समोर, माइकच्या पाठीमागं बसवतो, पहिल्यांदा थोडी कुरकुर करतात.