सोलर ई-पेपर फोटोफ्रेम: पॅनल मोठं घेण्याआधी या चुका टाळा

ई-पेपरवर (किंडलसारख्या ई-रीडरमध्ये असतो तशा पडद्यावर) एकदा उमटलेला फोटो वीज काढून घेतली तरी तसाच राहतो. वीज लागते ती फक्त फोटो बदलताना. त्यामुळे छोटं पॅनल आणि बॅटरी लावलेली फ्रेम कित्येक वर्षं चालायला हवी. पण घरी केलेल्या फ्रेम अनेकदा तीन-चार आठवड्यांत मान टाकतात, आणि शेवटचा फोटो जागेवरच असल्यामुळे ते लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पहिलं काम हे करा: फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख आणि बॅटरीचं व्होल्टेज छापा. नंतरचं निम्मं निदान त्या दोन आकड्यांवरूनच होतं.

फ्रेम थांबली की "पॅनल कमी पडतंय" असं म्हणून लोक पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन दुप्पट मोठं पॅनल आणतात. गळक्या टाकीला मोठी मोटर बसवण्यातला हा प्रकार. आधी हिशेब मांडा.

सात रंगांचा ७.३ इंची डिस्प्ले, ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) आणि दिवसाला एक फोटो असं धरू. वायफायला १० सेकंद लागले आणि सरासरी १२० मिलिअँपिअर गेले, तर खर्च ०.३३ एमएएच (मिलिअँपिअर-तास). फोटो उमटायला साधारण ३५ सेकंद लागतात; तेवढ्यात ५० मिलिअँपिअर धरले तरी अर्धा एमएएच. म्हणजे दिवसभराचं खरं काम १ एमएएचच्या आत उरकतं. डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, नुसती चिप १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे दिवसाला पाव एमएएच. इथपर्यंत सगळं छान आहे.

घोळ होतो तो बोर्डात. स्वस्त डेव्हलपमेंट बोर्डवर एएमएस१११७ नावाचा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो आणि चिप झोपली तरी तो एकटा ५ मिलिअँपिअरच्या घरात खातो. पॉवरचा लाल एलईडी आणि यूएसबीची चिप वेगळीच. ५ मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे १२० एमएएच. कामाला १, झोपेला १२०! २५०० एमएएचची बॅटरी तीन आठवड्यांत रिकामी होते ती यामुळे. शिवाय या रेग्युलेटरने ३.३ व्होल्ट बाहेर द्यायचे तर आत त्याहून एक व्होल्टभर जास्त लागतो. बॅटरी ३.७ वर आली की वायफाय सुरू होताच बोर्ड रीसेट होतो, आणि बॅटरी "खराब" ठरते. आरटी९०८० सारखा, स्वतः २-३ मायक्रोअँपिअरवर भागवणारा रेग्युलेटर लावा किंवा बॅटरीवर चालण्यासाठीच बनवलेला बोर्ड घ्या. एलईडी काढून टाका. या एका दुरुस्तीने जो फरक पडतो, तो दहा पॅनलं लावून पडणार नाही.

झोपेतला करंट मोजताना मल्टिमीटर फसवतो. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटरमधून बोर्ड सुरूच होत नाही, कारण वायफायचा झटका आला की मीटरमध्येच व्होल्टेज पडतं. मीटरच्या दोन टोकांना जाडसर वायरचा तुकडा जोडून बोर्ड सुरू करा, तो झोपला की वायर काढा आणि मग आकडा वाचा. ५० मायक्रोअँपिअरच्या खाली असेल तर पुढे चला. जास्त असेल तर तीन ठिकाणी बघा. बॅटरीचं व्होल्टेज मोजायला लावलेले १००-१०० किलोओहमचे दोन रेझिस्टर ४.२ व्होल्टवर सतत २१ मायक्रोअँपिअर पितात, म्हणजे झोपलेल्या चिपच्या दुप्पट. तिथे १-१ मेगाओहम आणि सोबत एक छोटा कपॅसिटर लावा. दुसरं ठिकाण एसडी कार्ड: रिकामं बसूनही ते खातं, त्याचा पुरवठा मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा. तिसरा खुद्द डिस्प्ले. फोटो उमटल्यावर त्याला स्लीपची आज्ञा दिली नाही तर तो उच्च व्होल्टेजवर राहतो. त्यात बॅटरी जातेच, पण काचही कायमची बिघडू शकते. हे डिस्प्ले विकणाऱ्या वेव्हशेअर कंपनीच्या सूचनांमध्ये हा इशारा स्पष्ट आहे, तरी कोड चिकटवताना नेमकी तीच ओळ गळते.

आता गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा हा वार. वीज नाही म्हणजे राउटर नाही, आणि फ्रेमचा कोड "कनेक्ट होईपर्यंत थांब" असा लिहिलेला असेल तर फ्रेम तासन्‌तास वायफाय शोधत बसते. १०० मिलिअँपिअरने पाच तास शोधलं तर ५०० एमएएच गेले, म्हणजे वर्षभराच्या फोटोंचा खर्च एका दिवसात. पंधरा सेकंदांत नाही जुळलं तर सरळ झोप, पुढचा प्रयत्न उद्या. तसंच जाग आल्यावर वायफाय चालू करण्याआधी बॅटरी मोजा. कमी असेल तर काही न करता पुन्हा झोपा. नाहीतर अशक्त बॅटरीवर सुरू होणं, वायफायला कोलमडणं, परत सुरू होणं हे चक्र बॅटरीचा शेवटचा थेंबही काढून घेतं. आणि ही मोजणी एडीसी१ च्या पिनवर करा (एडीसी म्हणजे चिपमधला व्होल्टेज मोजणारा भाग). एडीसी२ च्या पिना वायफाय चालू असताना वापरता येत नाहीत.

गळती थांबली की पॅनलकडे वळा. आता १ वॉटचं पॅनलही भरपूर आहे: फ्रेमला दिवसाला लागणारे १० ते १५ मिलिवॉट-तास ते कडक उन्हात मिनिटभरात देतं. पण ते बैठकीच्या भिंतीवर, फ्रेमच्या चौकटीत बसवलं तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? बाहेर भर उन्हात १ लाख लक्स (उजेडाचं एकक), आणि ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम ३००. कागदावर १ वॉटचे ३ मिलिवॉट होतात, म्हणजे ५ व्होल्टवर अर्ध्या मिलिअँपिअरच्या जरासं वर. टीपी४०५६ या स्वस्त चार्जर मॉड्यूलवरचा चार्जिंगचा लाल दिवा एकटाच त्याहून जास्त मागतो! चार्जर जागाच होत नाही. दिसायला बरं म्हणून चौकटीतच पॅनल हवं असेल, तर कॅल्क्युलेटरवर असतं तसं अमॉर्फस सिलिकॉनचं घ्या आणि बीक्यू२५५७० सारखा कमी उजेडातून वीज गोळा करणारा चार्जर वापरा. माझं मत विचाराल तर पॅनल गॅलरीच्या ग्रिलवर लावा आणि बारीक वायर आत आणा.

तिथेही एक खोच आहे. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला इथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत उभं लावलेलं पॅनल डिसेंबरात झकास चालतं, कारण तेव्हा दुपारचा सूर्य ४८ अंशांवर, समोर असतो. जूनमध्ये त्याच पॅनलवर ऊन पडतच नाही, आणि वर ढग. दिवाळीच्या सुट्टीत बनवलेली फ्रेम पावसाळ्यात का थांबते, याचं उत्तर हे. पॅनल उभं न लावता आभाळ दिसेल असं तिरकं ठेवा. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून येतो. आणि तो उजेड भरवशाचा नाही असं धरून बॅटरी महिनाभर पुरेल एवढी ठेवा.

बॅटरीवर "९८०० एमएएच" छापलेला १८६५० (गोल नळीसारखा लिथियम) सेल दिसला तर ठेवून द्या. या आकाराचे चांगले सेल ३५०० च्या आसपास असतात. टिकाऊपणा हवा तर लिथियम फेरो फॉस्फेट सेल चांगला, पण त्याला ३.६ व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो. टीपी४०५६ त्याला ४.२ पर्यंत नेईल, ते नको. कोणताही सेल पॅनलच्या मागे चिकटवू नका. एप्रिलच्या उन्हात पॅनलची पाठ चांगलीच भाजते आणि ४५ अंशांच्या वर चार्जिंग लिथियमला मानवत नाही.

रंग विटके आले तर कोडआधी घड्याळ बघा. सात रंगांच्या डिस्प्लेंना साधारण १५ ते ३५ अंशांत काम करायचं असतं. मेमध्ये दुपारी तीनला फोटो बदलण्यापेक्षा पहाटे सहाला बदला. चेहरे हिरवट दिसत असतील तर डिदरिंग करताना (मोजक्या रंगांचे ठिपके मिसळून बाकीच्या छटा भासवताना) शुद्ध लाल, शुद्ध पिवळा असे आदर्श रंग धरले गेलेत. डिस्प्लेवर प्रत्यक्ष दिसणारे मळकट रंग मोजून ते पॅलेटमध्ये टाका आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट आधीच थोडा चढवा. फ्रेमवर थेट ऊनही नको, त्याने डिस्प्ले खराब होतो. ऊन पॅनलला, सावली फोटोला.

राहिली रिबन केबल. ती काचेपाशी जिथे चिकटवलेली असते तिथे वाकवू नका. तुटली तर डिस्प्लेच बदलावा लागतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगायची असेल तर मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवेला जागा ठेवा.