रेडिएटरच्या पंख्याचा रिले: निवडायचा कसा, जोडायचा कसा

कन्नड घाटात एखादी गाडी बंद पडली की मागे गाड्यांची रांग लागते. चाळीसगाव मागे टाकून आपण चढणीला लागलेलो असतो, मे महिन्याची दुपार, बाहेर ४३-४४ अंश, एसी चालू आणि वेग पायी चालणाऱ्या माणसाइतका. मोकळ्या हायवेवर समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. घाटात मात्र सगळा भार एकट्या पंख्यावर येतो. अशाच एका दुपारी माझ्या जुन्या गाडीचा काटा लाल पट्टीला टेकला. पंखा चांगला होता, फ्यूज शाबूत होता, कूलंटही भरलेलं होतं. पंखा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच म्हणजे रिले, त्याचा प्लास्टिकचा बेस मात्र एका पिनेभोवती वितळून काळा पडला होता. काही दिवसांपूर्वीच एका गॅरेजमध्ये रिले बदलून घेतला होता, पण बेसमधलं सैल थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) तिथे कोणी पाहिलंच नव्हतं. त्यानंतर ते सगळं वायरिंग मी मुळापासून पुन्हा केलं. तेच इथे क्रमाने सांगतो.

हे सगळं १२ व्होल्टच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहे, आणि त्यातही ज्यांचा पंखा थर्मोस्विचवर, म्हणजे कूलंट तापलं की आपोआप चालू होणाऱ्या स्विचवर, चालतो अशा जुन्या गाड्यांसाठी. नव्या गाड्यांत पंखा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर चालवतो, तिथे वायर कापू नका. बॅटरीवर धावणाऱ्या गाडीतल्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना तर हातही लावू नका.

रिले मधे का लागतो

पंखा १० ते २० अँपिअर ओढतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीन पट. एवढा करंट थर्मोस्विचमधून किंवा डॅशबोर्डवरच्या बटणातून नेला तर त्यांचे पॉइंट, म्हणजे आतले करंट जोडणारे संपर्क, जळतात. रिलेच्या कॉइलला, म्हणजे त्याचे पॉइंट ओढून जोडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, लागतो जेमतेम ०.१५ अँपिअर. म्हणजे स्विचने फक्त कॉइलला इशारा द्यायचा, पंख्याचा भार रिलेच्या जाड पॉइंटने उचलायचा. ‘डायरेक्ट करून देतो, रिलेची गरज नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आधी मोजा, मग दुकानात जा

पंखा किती अँपिअर घेतो हे अंदाजाने ठरवू नका. इंजिन चालू ठेवून पंखा फिरत असताना त्याच्या वायरीवर क्लॅम्प मीटर (वायर न कापता तिच्याभोवती चिमट्यासारखा बसणारा मीटर) लावा. क्लॅम्प मीटर डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट मोजणारा हवा. घरगुती वायरमनकडचे बरेच मीटर फक्त घरातल्या विजेचा एसी करंट मोजतात, ते इथे शून्यच दाखवतील. साधा मल्टीमीटर वायरीच्या मधे जोडून मोजू नका, त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअरची असते आणि सुरुवातीच्या झटक्यातच त्याचा फ्यूज उडतो.

समजा आकडा आला १६. बाजारात ३० आणि ४० अँपिअरचे रिले मिळतात, मग ३० चा पुरेल असं वाटतं. तरी मी ४० चाच घेतो, आणि याचं कारण आपला उन्हाळा आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा गर्दीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली ८० अंश सहज होतात. तापमान वाढलं की पॉइंटची क्षमता कमी धरावी लागते. कॉइलचंही तसंच. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. त्यामुळे २० अंशांना ७.५ व्होल्टवर चालू होणारा रिले ८० अंशांना ९ व्होल्टच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही. बॅटरी थकलेली आणि वायर बारीक असेल तर ऐन उन्हात रिले नुसता कुरकुरतो आणि पॉइंट ठिणग्यांनी जळतात. घरी सकाळी तपासला तेव्हा ठीक असलेला रिले दुपारी दगा देतो, तो यामुळेच.

हुबेहूब नक्कल केलेले रिलेही बरेच विकले जातात. वरचं झाकण सारखंच, पण हातात घेतल्यावर हलका लागतो, आणि आत पॉइंट बारीक असतात. शक्य असेल तर पाण्यापासून बंद केलेला, सीलबंद रिले घ्या. कापसाच्या हंगामात आणि उन्हाळी वावटळीत इथे धूळ आणि तंतू कुठेही शिरतात.

पिना ओळखा

रिलेच्या पिनांवर आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून तो पंख्याकडे जातो. पाच पिनांच्या रिलेत मधली पिन बहुधा ८७ए असते. रिले बंद असताना ३० चा संबंध या पिनेशी असतो. चुकून पंख्याची वायर तिथे लागली तर गाडी थंड असताना पंखा फिरत राहतो आणि तापली की बंद पडतो. काही पाच पिनांच्या रिलेत दोन्ही पिना ८७ असतात. म्हणून आकार पाहून नव्हे, झाकणावरची आकृती पाहून जोडा. पंख्यासाठी चार पिनांचा रिले पुरतो, मी तोच सुचवेन.

जोडणी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीचं निगेटिव्ह काढा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो, बोटं त्यात सापडू नयेत.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वायर काढली की वीतभर अंतरातच फ्यूज होल्डर लावा. फ्यूज पंख्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. त्यामुळे फ्यूजच्या आधीची वायर जितकी लांब, तितका धोका. १६ अँपिअरच्या पंख्याला २५ चा फ्यूज आणि चार स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, १० अँपिअरच्या पंख्याला १५ चा फ्यूज आणि अडीच स्क्वेअरची वायर. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालू नका, पंख्याचे बेअरिंग जाम आहे का ते पाहा. घरात वापरायची वायर इथे चालत नाही. तिचं आवरण साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं. ऑटो वायर मागून घ्या.

फ्यूजमधून वायर ३० वर न्या. ८७ वरून तेवढ्याच जाडीची वायर पंख्याच्या पॉझिटिव्हला. पंख्याचं निगेटिव्ह रंग खरवडलेल्या स्वच्छ बॉडीवर बोल्टने घट्ट करा. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी, इथे कंजुषी केली की बाकी मेहनत वाया जाते. चावी चालू असतानाच करंट येतो अशा एखाद्या कमी अँपिअरच्या फ्यूजवरून बारीक वायर ८६ ला द्या. ८५ वरून वायर थर्मोस्विचला जाईल, आणि स्विचचं दुसरं टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. एकच टोक असलेला स्विच रेडिएटरच्या धातूतून स्वतःच अर्थ घेतो. मात्र रेडिएटरची टाकी प्लास्टिकची असेल तर हे जमत नाही, दोन टोकांचाच स्विच लागतो.

८५ आणि ८६ च्या मधे १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू ८६ कडे. कॉइल बंद होताना उलटा झटका उठतो, तो थर्मोस्विचचे पॉइंट खातो. डायोड तो झटका जागेवरच जिरवतो. पट्टी उलटी लागली तर शॉर्ट होऊन फ्यूज जाईल, तेव्हा दोनदा बघून घ्या.

एसी लावला की पंखा फिरलाच पाहिजे. त्यासाठी एक छोटा रिले वेगळा घ्या. कॉम्प्रेसरच्या क्लचला जाणाऱ्या पॉझिटिव्हवरून एक फाटा त्याच्या ८६ ला, ८५ अर्थला, ३० ही अर्थला, आणि त्याच्या ८७ वरून वायर मुख्य रिलेच्या ८५ ला. म्हणजे थर्मोस्विच किंवा एसी, कोणीही अर्थ दिला तरी पंखा सुरू. याच ८५ वरून आणखी एक बारीक वायर डॅशबोर्डवरच्या छोट्या बटणातून अर्थला नेली की घाटात हाताने पंखा लावता येतो. थर्मोस्विच घाटातच बिघडला तर हे बटण गाडी घरी आणतं, म्हणून मी ते प्रत्येकाला बसवायला सांगतो.

दोन पंखे असतील तर दोन रिले आणि दोन फ्यूज. एका रिलेवर दोघांना जोडलं तर तो गेल्यावर दोन्ही पंखे एकदम जातात.

थिंबल पक्कडीने घट्ट दाबा, ओढून पाहा, वरून स्लीव्ह चढवा. बेसमध्ये प्रत्येक थिंबल घुसताना जोर लागला पाहिजे, सहज सरकलं तर ते बदला. माझा बेस त्याच सैलपणाने जळला होता. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही, आणि सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब ठेवा.

तपासणी

आधी पंख्याची दिशा पाहा. रेडिएटरच्या मागे असलेल्या पंख्याने हवा इंजिनकडे ओढली पाहिजे. जाळीसमोर कागद धरला तर तो चिकटायला हवा. उलट वारा येत असेल तर पंख्याच्या दोन वायरी अदलाबदल करा.

मग पंखा चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं पंख्याच्या पॉझिटिव्हला लावा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. ३० आणि ८७ च्या मधे ०.२ व्होल्टच्या वर दिसला तर रिलेचे पॉइंट किंवा थिंबल खराब आहेत. अर्थच्या बाजूलाही असंच मोजा. पंधरा मिनिटांनी बेसला हात लावा. रिले कोमट लागणं साहजिक आहे, कॉइलमध्येच सुमारे २ वॅट उष्णता होते. पण बोट ठेववत नसेल तर ते थिंबल पुन्हा करा. हे करताना रेडिएटरची टोपी उघडू नका. दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वरही उकळलेलं दिसत नाही, आणि टोपी सैल होताच तोंडावर उडतं.

एक जादा रिले आणि दोन फ्यूज गाडीत ठेवा. तेही नसतील आणि रिले घाटातच गेला, तर हॉर्नचा रिले काढून बघा. झाकणावरची आकृती आणि अँपिअरचा आकडा जुळत असेल तर तो पंख्याच्या जागी बसतो. हॉर्नशिवाय चाळीसगावला सावकाश उतरता येतं.